बायडीची काठी

आपल्या चुकीची गोष्ट माणसाने स्वतःच सांगून टाकावी, कारण बायको सांगायला लागली की ती फार लांबते. म्हणून केळव्याच्या आमच्या समाजहॉलची, त्याच्या वरच्या मजल्याची आणि बायडीची ही गोष्ट मीच सांगतो. मी नरहरी. सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि निवृत्त झाल्यापासून हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष आहे. दोन्हीकडे बोलायचं काम माझं आणि ऐकायचं इतरांचं.

हॉल दुमजली आहे. खाली लग्नं, बारशी, सभा होतात. वरच्या लांबट खोलीत गावातल्या बायका संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करायच्या. हळदीकुंकू हे नुसतं निमित्त, खरा कार्यक्रम फुगडीचा. माझी बायको जयवंती त्यातली पुढारी. गुडघे कुरकुरतात म्हणून माझ्यासोबत समुद्रावर फिरायला यायची नाही, पण फुगडीला उभी राहिली की गुडघे कुठल्या कुठे जायचे. चार वर्षांपूर्वी वर अशीच फुगडी रंगली असताना खाली आम्हा पुरुषांपुढे ठेवलेल्या तिळगुळाच्या परातीत छताचा एक मोठा पोपडा येऊन पडला. वर बायकांनाही पायाखालची फरशी हेलकावल्यासारखी वाटली. त्या दिवशी मजल्याला कुलूप लागलं.

माझी पुतणी समिधा पालघरला इंजिनिअर आहे, जुन्या इमारती तपासते. तिने स्लॅब पाहिला आणि सांगितलं की खाऱ्या वाऱ्याने आतल्या सळ्या गंजल्यात आणि मुळातही त्या कमीच घातल्या होत्या. पाडायचा म्हटला तर समुद्र इतका जवळ, की नव्याने बांधायची परवानगी मिळेल याचा भरवसा नाही. खाली मधोमध खांब उभे केले तर लग्नात नवरीला खांबाआडून हार घालावा लागेल. राहिला तिसरा मार्ग. कार्बनच्या धाग्यांचं काळं कापड येतं, ते विशिष्ट गोंदाने स्लॅबच्या खालच्या बाजूला चिकटवायचं. वरून भार आला की स्लॅबचं पोट ताणलं जातं, तो ताण हे कापड घेतं.

मी म्हणालो, कापडानेच स्लॅब धरायचा तर माझं जुनं धोतर काय वाईट आहे? कमिटीतले सगळे हसले. समिधा हसली नाही. बाळंतिणीचं पोट बांधतात ना काका, म्हणाली, तसंच समजा. जयवंतीला ते तिथल्या तिथे पटलं. मला पटायला वेळ लागला, कारण मला अध्यक्षपणा होता.

दुसरा धक्का समिधाने नंतर दिला. हे काम बायडी नावाची बाई घेणार होती. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली हेच काम करत आली होती. आता पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर काम मिळत होतं. मी अर्थातच विरोध केला. बोईसरला एवढ्या कंपन्या असताना पहिलटकरणीच्या हाती हॉल कशाला द्यायचा, असं मी अर्धा तास निरनिराळ्या शब्दांत विचारलं. शेवटी असं ठरलं की काम संपल्यावर वरच्या मजल्यावर पाण्याचा भार देऊन परीक्षा घ्यायची. त्यात स्लॅब नापास झाला तर हॉल पाडायचा. आणि बायडीला, समिधा तिच्यासमोरच म्हणाली, यापुढे मी तरी स्वतंत्र काम देऊ शकणार नाही. बायडीने मान हलवली आणि रथसप्तमी कोणत्या तारखेला आहे ते विचारून घेतलं.

पंचेचाळीशीची, बुटकी, साडीवर पुरुषी शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. राहायला बोईसरजवळ सालवडला, पण मूळची रेल्वेच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. पावसावर पिकेल तेवढं भात, मग दिवाळीनंतर सगळं घर कामाच्या शोधात खाली उतरायचं. तिचा बाप तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य बनवायचा. तारप्याला वाळलेला दुधी लागतो आणि तो आतून कुठेही तडकलेला, किडलेला चालत नाही. पडवीत टांगलेले दुधी बोटाच्या पेराने वाजवून चांगला कोणता ते सांगायचं काम लहानग्या बायडीचं होतं. बाप नुसता हात पुढे करायचा आणि ही म्हणेल तो दुधी घ्यायचा. एवढा भरवसा मी सदतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यावर ठेवला नाही.

पुढे उमरोळीला इमारती उठत होत्या तिथे तिने डोक्यावरून काँक्रीट वाहिलं. मग तारापूरच्या एका कारखान्यात जड यंत्र येणार म्हणून तिथल्या मजल्याला कार्बनचं कापड लावत होते, तिथे ती धूळ झाडायला होती. काम झाल्यावर सुपरवायझर हातोडीने ठोकून तपासत गेला आणि सगळं ठीक म्हणाला. झाडू मारणारी बायडी खालून म्हणाली, त्या कोपऱ्यात पोकळ वाजतंय. कापून पाहिलं तर आत हवा होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हातातला झाडू गेला आणि रोलर आला. पुढे बोईसरच्या भंगारवाल्याकडून बेअरिंगमधला एक लोखंडी गोळा आणून तिने तो बांबूच्या काठीच्या टोकाला बसवला. वरच्या स्लॅबवर ती काठी टणटणत नेली की तिला सगळं कळतं, असं समिधा सांगायची. हे सगळं ऐकून मी म्हणालो होतो की मग तिला भजनी मंडळात घ्या.

मार्गशीर्षात काम सुरू झालं. तिच्यासोबत हंसा नावाची तिचीच भाची आणि मिथुन नावाचा बिहारकडचा पस्तिशीतला कारागीर होता. आधी सगळा सैल माल काढला, गंज घासला, खड्डे भरून ते वाळू दिले, मग मशीनने स्लॅबचं पोट घासून असं केलं की आतली खडी दिसू लागली. धूळ यंत्राने ओढून घेतली. आणि बायडीने हुकूम काढला की आता याला कोणीही हात लावायचा नाही, घामाचाही नाही, नाहीतर गोंद धरणार नाही. घासलेला स्लॅब सोवळ्यात आहे असं समजा, हे मी इतरांना समजावून सांगितलं. समजावण्यात माझा हात कोण धरणार?

आणि मीच तो विटाळला.

आमच्या घराण्यात आजोबांपासून रीत आहे. घराचं काही काम काढलं की आधी आढ्याला खोबरेल तेल आणि हळदीचा हात द्यायचा. घराने सांभाळलंय, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हत्यार लावू नये, अशी त्यामागची भावना. हॉलचं काम त्याशिवायच सुरू झालं हे मला रात्रंदिवस खुपत होतं. एके दिवशी सकाळी कामगार यायच्या आत मी वाटीत तेल-हळद कालवली आणि परांचीवर चढलो. मिथुन नेमका लवकर आला होता. "मास्टरजी, ऊपर मत जाइए, दीदी ग़ुस्सा करेंगी," तो म्हणाला. मी त्याला चहा आणायला पिटाळलं. स्लॅब म्हणजे हॉलचं आढंच, असं म्हणत मी वर सगळा पंजा उमटवला. नमस्कार केला. मन भरून आलं.

इतक्यात बाहेर बायडीचा आवाज आला. मग अध्यक्षांनी काय करावं? खांद्यावरच्या पंच्याने तो पंजा खसाखसा पुसला, वर परांचीवरची धूळ चोळली, आणि तिची पावलं आत यायच्या आधी खाली उतरून छताकडे कौतुकाने बघत उभा राहिलो. तिने यंत्राने पुन्हा एकदा धूळ ओढली. पिवळं काही दिसलं नाही. दुपारी गोंदाचा पहिला हात लागलाही.

नंतरचे दिवस मात्र बघण्यासारखे होते. दोन डब्यांतला माल ठरल्या मापाने मिसळायचा, कापडाच्या पट्ट्या आधीच कापून ठेवलेल्या. काळं कुळकुळीत कापड, मध्ये बारीक पांढरा टाका. हंसा आणि मिथुन पट्टी ताणून धरायचे आणि बायडी मधून कडेकडे रोलर फिरवत जायची, धाग्याच्या दिशेनेच, आडवा कधी नाही. आतली हवा बाहेर पडून गोंद वर घामासारखा फुटला की ती गुणगुणायला लागायची. जयवंती चहा घेऊन आली की तासभर तिथेच रमायची. बायडीनेही तिला फुगडीचे प्रकार विचारले, आणि दोघींनी एकदा खाली जमिनीवर दोन गिरक्या मारूनही दाखवल्या. मी तेव्हा बाहेर पडलो. हसलो असतो तर विरोध मावळला असं वाटलं असतं.

गोंद पिकायला सात दिवस दिले. आठव्या दिवशी ठोकून बघायचं ठरलं. रथसप्तमीला तेव्हा दहा दिवस होते. मी सगळ्या कमिटीला बोलावलं होतं. समिधाही आली होती. बायडीने काठी घेतली आणि एका टोकाकडून सुरुवात केली. टण, टण, टण. एक पट्टी झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. सहाव्या पट्टीवर जिन्याच्या बाजूला ती थांबली. मागे आली. पुन्हा ठोकलं. मग काठी खाली ठेवून ती परांचीवर चढली आणि खडूने तिथे एक गोल काढला, साधारण ताटलीएवढा.

"हितं पोकळ हाय," ती म्हणाली.

समिधाने वर जाऊन स्वतःच्या हातोडीने ठोकलं. तिला तेवढा फरक कळेना. मधे एक ठिपका वाटतोय, म्हणाली, सुईने गोंद भरला तरी चालेल. बायडी म्हणाली, कापून काढायचं. समिधाने तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की दिवस थोडे राहिलेत, दुरुस्ती पिकायला पुन्हा आठवडा जाईल. बायडी कापायची पाती शोधत होती.

मला अजून नवल वाटतं. तिच्याशिवाय कोणालाच ते ऐकू आलं नव्हतं. स्वतःच्या नावावरचं पहिलं काम, समोर नाक मुरडायला बसलेली कमिटी, आणि ही बाई आपल्याच कामातली खोट गावाला खडूने गोल काढून दाखवत होती. कमिटीतला आमचा विश्राम, जो बागेतल्या सुपाऱ्या सोडून जगातलं सगळं कळतं असं मानतो, लगेच म्हणाला की एक पट्टी कच्ची तर बाकीच्या कशावरून पक्क्या? बायडी म्हणाली, "मी लावलंय, म्हणून तर मीच सांगतेय."

तिने गोलाबाहेरून चौकोन कापला. कडेचं कापड काँक्रीटच्या कपच्या सोबत घेऊन कुरकुरत निघालं. मधलं मात्र केळीचं पान सुटावं तसं अलगद हातात आलं. पाठ गुळगुळीत, चकचकीत. आणि वर स्लॅबवर फिकट पिवळा डाग. बायडीने चष्मा लावला, नाक जवळ नेलं आणि वास घेतला. "खोबरेल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आनि हळद."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार? माझे कान तापले. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटलं, पण सगळे मिथुनकडे बघत होते. विश्रामने निकालही देऊन टाकला. ही कामगार माणसं, जेवल्यावर तेलकट हात कुठेही पुसतात, आणि म्हणूनच मास्तर पहिल्यापासून सांगत होते. त्या सकाळी मी चहाला पिटाळलं होतं हे मिथुनला आठवत होतं, माझ्याकडे बघून त्याने ते गिळलं हेही मला दिसलं. दाराशी चहाचा ट्रे घेऊन जयवंती उभी होती. पिवळा पंचा तिनेच धुतला होता. ती माझ्याकडेच बघत होती.

बायडी परांचीवरून उतरली. "त्येला बोलू नका," ती विश्रामला म्हणाली. "मानसं माजी, तर चूक बी माजी. मी पुन्ना करून देते. आनि तुमाला नको आसल तर मी जाते."

एखाद्या वेळी गप्प बसणं किती सोपं असतं! मी जन्मात कधी गप्प बसलो नाही, आणि नेमकं त्या क्षणी ते मला जमू लागलं होतं. याचीच लाज वाटली.

"तो हात माझा आहे," मी म्हणालो.

कोणाला कळेना. मग मी वाटीपासून पंच्यापर्यंत सगळं सांगितलं, चहाला पिटाळल्याचंही. मिथुनसमोर हात जोडले. विश्रामचं तोंड उघडंच राहिलं. समिधाने कपाळाला हात लावला. बायडी माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्या खांद्यांना हेलकावे बसू लागले आणि ती मोठ्याने हसायला लागली. तिच्यामागोमाग हंसा, मग जयवंती, आणि ट्रेमधला चहा सांडला.

"हात चांगल्या मनाचा व्हता, मास्तर," बायडी डोळे पुसत म्हणाली. "जागा चुकली."

पण शिक्षा तिने दिलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मला परांचीवर बसवलं. तेल मुरलं होतं तेवढं काँक्रीट तिने खोलवर घासून काढलं, धुतलं, भरलं, वाळू दिलं, आणि तिसऱ्या दिवशी वर आधीच्या पट्टीवर दोन्हीकडे हात-हातभर चढेल असं नवं कापड बसवलं. या सगळ्यात दिवा धरायचं काम माझं. दिवा जरा हलला की, मास्तर, ध्यान कुठं हाय, असं ती विचारायची. हे वाक्य मी हजारो पोरांना विचारलं होतं. माझ्यावर ते पहिल्यांदाच आलं आणि, खरं सांगतो, बरं वाटलं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सकाळी वर तळं केलं. कडेने विटांचा बांध, त्यावर जाड ताडपत्री, आणि विश्रामच्या वाडीतल्या पंपाने पाणी. टप्प्याटप्प्याने भरत दोन फुटांवर गेलं. खाली स्लॅबच्या पोटाला घड्याळासारखं यंत्र टेकवून समिधा काटा बघत होती. पाणी चढलं तसा काटा जरासा सरकला आणि थांबला. आता असाच चोवीस तास भार ठेवायचा आणि पाणी काढल्यावर काटा परत येतो का ते बघायचं. आला नाही तर हॉल गेला. आणि बायडी पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली.

बायडी त्या यंत्रापासून लांब, पायरीवर बसून जयवंतीबरोबर वालाच्या शेंगा सोलत होती. मी तिला विचारलं की भीती वाटत नाही का. ती म्हणाली, "वाटते तर. म्हनून तर शेंगा सोलते." जयवंतीने तिचा हात हातात घेतला. शेंगा मात्र दोन्ही घरांना आठवडाभर पुरतील एवढ्या सोलून झाल्या.

रथसप्तमीला सकाळी पाइप लावून पाणी वाडीत सोडलं. सुपारीला न मागता पाणी मिळालं. वरची ताडपत्री रिकामी झाली तसा खाली काटा उलटा फिरू लागला. सगळी कमिटी मान वर करून उभी होती, जणू ग्रहण बघतोय. काटा जवळजवळ मूळ जागी येऊन थांबला. समिधाने आकडा वाचला. वहीत बघितलं. पुन्हा वाचला. मग ती बायडीकडे वळली आणि इंजिनिअर असल्याचं विसरून तिने तिला मिठी मारली.

"पास?" मी विचारलं.

"काका, नुसता पास नाही. पहिला नंबर."

पदर तोंडाला लावून बायडी रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं, आणि माझंही तेच झालं होतं. मिथुनने न सांगता सगळ्यांसाठी चहा आणला.

दुपारी कुलूप उघडून वरचा मजला झाडला. संध्याकाळी हळदीकुंकू. चार वर्षांची उधारी वसूल करायची असल्यासारखी साऱ्या गावातली बायकामंडळी वर लोटली. तेल-हळदीची वाटी मी पुन्हा कालवली होती, पण या वेळी आधी बायडीला विचारलं की कुठे लावू. तिने जिन्याच्या लाकडी चौकटीकडे बोट दाखवलं. आधी तुझा हात, मी म्हणालो. तिने नको नको म्हणत अखेर पंजा उमटवला, आणि त्याखाली मी माझा. मग बायका तिला ओढून वर घेऊन गेल्या.

मी खालीच थांबलो. वर फुगडी सुरू झाली तसे पुरुष जुन्या धसक्याने परातींवर झाकणं ठेवू लागले. छतातून काहीही पडलं नाही. थोड्या वेळाने बघतो तर बायडी जिना उतरून खाली आलेली. घामेघूम, केसांत कोणीतरी माळलेला गजरा. कोपऱ्यातली काठी घेऊन तिने लोखंडी गोळ्याचं टोक छताला टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून उभी राहिली. मी जवळ जाऊन विचारलं की आता काय तपासतेस, आता तर पास झाला.

"तपासत नाय," ती म्हणाली. "आयकते." आणि काठी माझ्या हातात दिली.

मी ती कानाला लावली. आधी नुसती धडधड होती. मग धडधडीतून पावलं वेगळी होऊ लागली. कोणी हलकं, कोणी जड, कोणी तालाच्या मागे. आणि त्यांत एक पाऊल, उजवं जरा घासत पडणारं. चाळीस वर्षं ते माझ्या घरात फिरत होतं. मी ते इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं. ते न थांबता, न दमता, गरगर फिरत होतं.

बायडीने काठी परत मागितली नाही. मी फुगडी संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.